ओला हात

गेल्या डिसेंबरात मालवणला, दांडीच्या किनाऱ्याजवळच्या एका खोलीत, पहाटे साडेपाचला मी टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला, पंखा बंद केला, ट्यूब लावली आणि कॅमेऱ्याचं हाउसिंग, म्हणजे तो पाण्याखाली न्यायची बंद पेटी, उघडलं. आवाजाने लेक जागी झाली. डोळे चोळत उठून आली, टेबलापासून दोन हात लांब थांबली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभं राहतात ना, तसं. मी काही बोलले नव्हते, साधं 'थांब' सुद्धा म्हटलं नव्हतं. "मी लांबूनच बघते," ती म्हणाली. तेरा वर्षांची मुलगी, घरात कपाटापासून फोनपर्यंत प्रत्येक गोष्टीला न विचारता हात घालणारी, आणि इथे हात पाठीमागे. मला ते इतकं लागलं की हातातली रबरी ओ-रिंग तशीच राहिली आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

ते पाठीमागचे हात माझ्यामुळे होते, म्हणून लिहितेय.

स्कुबा डायव्हिंग करणाऱ्यांना माहीत असतं, पाण्याखाली कॅमेरा नेणं म्हणजे खरं तर एका बारीक रबरी कड्यावर भरवसा टाकणं. बाकी सगळं त्या कड्यानंतर. हाउसिंगच्या मागच्या दाराला एक खाच असते, त्या खाचेत ही ओ-रिंग बसते, दार मिटलं की ती चेपते आणि आत हवा, बाहेर समुद्र. मधे एवढंच, जेमतेम सूतभर जाडीचं रबर. ती काढायची सुद्धा पद्धत आहे, टाचणी-पिन लावायची नाही, ओरखडा पडतो, जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा घालून हळूच उचलायची. मग बोटांच्या चिमटीतून सबंध फिरवायची, डोळे मिटून फिरवली तर जास्त चांगलं कळतं, वाळूचा कण असला तर बोटाला टोचतो. खाच धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची, कापसाचा बोळा अजिबात नाही. मग सिलिकॉन ग्रीस, आणि ते किती, तर पोळीला आपण तूप लावतो तेवढंही नाही. नुसती चकाकी आली पाहिजे. खूप जणांना वाटतं की ग्रीसमुळे पाणी अडतं, म्हणून फासतात भरपूर, आणि त्याच चिकट ग्रीसला टॉवेलचे तंतू, मांजराचे केस, वाळू सगळं येऊन चिकटतं. पाणी रबर अडवतं, ग्रीस फक्त त्याला खाचेत नीट सरकून बसायला मदत करतं.

आणि गंमत म्हणजे खोलवर गेल्यावर धोका कमी होतो. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण किलोभर. माझ्या हाउसिंगचं मागचं दार साधारण पंधरा बाय बारा सेंटिमीटरचं, म्हणजे दहा मीटरवर त्या दारावर जवळजवळ एकशे ऐंशी किलोचा जादा भार, सबंध समुद्र दार ढकलून बंद ठेवत असतो. पाणी शिरतं ते बहुतेक वेळा वर, पहिल्या चार-पाच मीटरमध्ये, अजून दाब पुरेसा नसताना. केस, धागा, वाळूचा दाणा, त्यातलं काहीही पुरतं. म्हणून रिंग बसवून दार लावताना घाई करायची नाही. आणि घाई नेमकी तिथेच होते, कारण बाहेर बोट उभी असते.

हे सगळं मी शिकले इन्स्ट्रक्टरकडून, पण हातात होतं ते खूप आधीपासून. आमच्या सांगलीच्या घरी मे महिन्यात कैरीचं लोणचं पडायचं. दोन चिनी मातीच्या बरण्या, पांढऱ्या-पिवळ्या, त्या धुऊन दोन दिवस उन्हात पालथ्या-उताण्या करून वाळवायच्या, मग आई निखाऱ्यावर हिंग टाकून त्या धुरावर बरणी उपडी धरायची. तो वास अजून नाकात आहे, डोळ्यांत पाणी आणणारा. कैऱ्या पुसताना आमच्या हातात कोरडी फडकी, कपाळाचा घाम गळू नये म्हणून आई पदराने आधी कपाळ टिपायची आणि मग हात परत धुऊन, परत पुसून, मग फोडी. बरणीच्या तोंडाला दादरा बांधायची ती गाठ तर अशी घट्ट की आम्हाला सुटायचीच नाही. "एक थेंब पाणी गेलं ना की वर्षाचं लोणचं गेलं." हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. पहिल्यांदा हाउसिंगचं दार मिटलं तेव्हा, अंदमानात, माझ्या तोंडून नकळत तेच बाहेर पडलं होतं आणि शेजारचा बंगाली डायव्हर 'काय?' म्हणून बघत राहिला होता.

तर दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघं अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर होतो. आता नाव स्वराज द्वीप, पण जेट्टीवर सगळे हॅवलॉकच म्हणतात. लेक तेव्हा अकराची. लांब केस, तेल न लावता मोकळे सोडायची नवी हौस. पहाटे मी बेडवर सामान मांडून बसले आणि ती शेजारी हनुवटीखाली हात घेऊन बसली. बॅटरी फुल, कार्ड फॉरमॅट केलेलं, लेन्स पुसलेली, कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी. तिला सगळं सांगत होते, ही पुडी का, तर आतली दमट हवा पाण्यात गार झाली की काचेवर धुकं धरतं आणि चाळीस मिनिटं तुम्ही धुक्याचे फोटो काढता. ती म्हणाली, रिंग मी बसवू? मी म्हटलं, बसव. तिने जीभ दातात धरून बसवली, अगदी व्यवस्थित. मग मी बघितली, मग मी दार लावलं. हाउसिंग पारदर्शक प्लास्टिकचं होतं, दाबलेल्या रिंगची काळी रेघ बाहेरून दिसते, ती सलग आहे की कुठे तुटलीय हे टॉर्च मारून बघायचं असतं. खालून हाक आली, टॅक्सी आलीय. मी टॉर्च मारला नाही.

लाइटहाऊसच्या साइटवर उतरलो. पाणी काचेसारखं. पाचेक मीटरवर गेले असेन, कॅमेरा डोळ्यासमोर धरला तर हाउसिंगच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ वर चाललेली. आधी वाटलं हाउसिंगला चिकटून आलेली हवा असेल, ती असते पहिली मिनिटभर. मग आत खालच्या कोपऱ्यात चमचाभर पाणी हललं. कॅमेऱ्याच्या बटणाजवळ, इकडून तिकडे, तळहातावरच्या तीर्थासारखं. मला एकदम वर धावावंसं वाटलं. पण स्कुबात पहिला धडाच हा की श्वास रोखायचा नाही आणि उसळी मारून वर जायचं नाही, फुप्फुसातली हवा वर जाताना फुगते, उथळ पाण्यात तर जास्तच पटकन. म्हणून मी अंगठा वर केला, म्हणजे वर जायची खूण, इन्स्ट्रक्टरने मान हलवली, हाउसिंग लेन्सच्या बाजूने खाली धरलं म्हणजे पाणी पुढच्या पोर्टमध्ये, लेन्ससमोरच्या काचेच्या भागात, साचेल आणि कॅमेरा निदान काही वेळ कोरडा राहील, आणि श्वास घेत, सोडत, घेत, सोडत, हळूहळू वर. त्या पाच मीटरांइतकी लांब वाट मी कधी चालले नाहीये. डोळ्यासमोर पाणी वाढतंय आणि हातात काही करता येत नाही. वर आले तोवर स्क्रीन एकदा निळी झाली आणि गेली.

बोटीवर बॅटरी काढली तर गरम लागत होती. कॅमेरा गोड्या पाण्यात घातला, सगळे सांगतात तसं, पण खाऱ्या पाण्याने सर्किट धरलं की ते परत येत नाही. तो कॅमेरा मी तीन वर्षं पैसे बाजूला टाकून घेतला होता. नोकरीतल्या बोनसचा, एका दिवाळीचा, शिकवण्यांचा. कुणाला ते मोठं वाटणार नाही, मला होतं.

आणि किनाऱ्यावर लेक धावत आली, "काय दिसलं? कासव दिसलं?" आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "केस मोकळे सोडून त्यावर वाकू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं? तुला रिंग द्यायलाच नको होती." ती काही बोलली नाही. तिने मनगटातला रबरबँड काढला आणि केस बांधले. तिथेच, उन्हात उभी राहून.

रात्री मी मेलेल्या कॅमेऱ्याचं हाउसिंग धुवायला बेसिनपाशी घेतलं. रिंग काढली, खाचेत बॅटरीचा उजेड मारला, नवऱ्याचा वाचायचा चष्मा भिंगासारखा धरला. बिजागरीच्या बाजूला एक केस आडवा पडला होता. दीड इंचाचा. पांढरा. माझे केस बॉयकट आहेत आणि निम्मे पिकलेत.

मी तो केस बोटावर घेतला आणि नळाखाली सोडून दिला.

तिला सांगितलं नाही. त्या रात्री ती झोपली होती हे खरं, दुसऱ्या दिवशी परतीचं विमान होतं हेही खरं, पण त्यानंतर दोन वर्षं विमान नव्हतं. मधे किती वेळा विषय तोंडाशी आला. तिला शाळेत सोडताना, भांडी विसळताना. मग वाटायचं, ती विसरली असेल, आता कशाला उकरायचं. आपण मोठी माणसं मुलांच्या विसरण्यावर फार अवलंबून असतो.

नवा सेट उभा करायला वेळ लागला. गोव्यातल्या एका डायव्हरने डायव्हिंग सोडलं, त्याच्याकडून सेकंडहँड अॅल्युमिनियमचं हाउसिंग मिळालं, दोन स्ट्रोब म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश, ते धरणारे दांडे, क्लॅम्प, सगळं खोक्यात. या हाउसिंगला व्हॅक्यूमची सोय आहे. दार लावल्यावर हातपंपाने आतली हवा थोडी ओढून काढायची, मग छोटा हिरवा दिवा लागतो, आणि वीस-तीस मिनिटं नुसतं बसायचं. कुठे फट असेल तर हवा आत शिरते आणि दिवा लाल होतो. म्हणजे पाण्याच्या ऐवजी हवा येऊन सांगते, खोलीतच. त्या महिन्यांत मी रात्री खूप वाचायचे या विषयावर. लुई बुताँ नावाचा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ, त्याने १८९३ मध्ये बान्यूल्सच्या किनाऱ्यावर समुद्रात फोटो काढले, भावाने बनवून दिलेल्या पेटीतून. तो आपल्या उलट करायचा, पेटीला हवा भरलेला रबरी फुगा जोडायचा, खाली गेलं की पाणी फुगा दाबणार आणि ती हवा पेटीत जाणार, म्हणजे आत-बाहेर दाब सारखा. एकेका फोटोला अर्धा तास लागायचा कधी कधी. जड पोशाखात, समुद्राच्या तळाशी, अर्धा तास, हलायचं नाही. मला तो माणूस फार जवळचा वाटला, आणि जास्त करून त्याचा तो भाऊ, ज्याच्या पेटीवर त्याने भरवसा टाकला.

लोक विचारतात, एवढा खटाटोप कशाला, डोळ्यांनी बघावं ना. बरोबर आहे, पण पाण्याखाली डोळ्यांना सगळं दिसत नाही. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी मरतो, पाचेक मीटरपासूनच फिका पडायला लागतो, मग नारिंगी, मग पिवळा. एकदा बारा मीटरवर खडकाच्या कालवाने माझं बोट कापलं, रक्त आलं ते हिरवट-काळं, शाईसारखं. मी घाबरलेच. टॉर्च मारला आणि ते एकदम लाल झालं, आपलं, ओळखीचं. स्ट्रोब हेच करतो. करड्या ढेकळासारखा दिसणारा खडक उजेडात जांभळा, केशरी, गुलाबी निघतो, तो रंग तिथे होताच, वर्षानुवर्षं होता, कुणासाठी नव्हता. ते पहिल्यांदा स्क्रीनवर बघितलं तेव्हा मी तोंडातल्या, श्वास घ्यायच्या रेग्युलेटरमध्ये चक्क ओरडले होते.

एक मात्र बोलायचंच आहे. फोटोसाठी पोवळ्यावर गुडघे टेकणारे, हात रोवून स्थिर होणारे, मासे यावेत म्हणून बिस्किटांचा चुरा सोडणारे, हे बघून मला त्रास होतो. मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर जे पोवळं आहे ते बोटभर वाढायला कित्येक वर्षं घेतं आणि पायातल्या फिनच्या एका फटक्यात मोडतं. कॅमेरा हातात घ्यायच्या आधी नुसतं पाण्यात तरंगत स्थिर राहायला शिकावं, वर नाही, खाली नाही, श्वासावर. मला त्यात तीसेक डाइव्ह गेल्या. त्या दिवसांत कॅमेरा खोलीवरच ठेवायचे आणि मला ते कधी वाया गेलेले दिवस वाटले नाहीत.

मालवणचं पाणी अंदमानासारखं नाही. हिरवं. कर्ली नदीचं पाणी देवबागला समुद्राला मिळतं, वाळू हलत असते, चार मीटर दिसलं तरी बरा दिवस. अशा पाण्यात लांबचा फोटो होतच नाही, स्ट्रोबचा उजेड पाण्यातल्या कणाकणावर पडतो आणि फोटोभर बर्फ पडल्यासारखे ठिपके येतात. म्हणून स्ट्रोब दोन्ही बाजूंना लांब पसरायचे, किंचित बाहेरच्या अंगाला वळवायचे, म्हणजे लेन्ससमोरच्या पाण्यावर उजेड पडत नाही, आणि आपण जवळ जायचं, अजून जवळ, वीतभर अंतरावर. मग तिथे नखाएवढी समुद्री गोगलगाय दिसते, पाठीवर पिसांसारखे कल्ले घेऊन चाललेली.

तर ती पहाट. हात पाठीमागे घेऊन उभी लेक, आणि मी ओ-रिंग धरून बसलेली. खिडकीतून माशांचा वास, कुणाचं तरी इंजिन पहिल्यांदा फुरफुरून बंद पडलेलं. मी म्हटलं, "हॅवलॉकला तो केस तुझा नव्हता. माझा होता. पांढरा. त्याच रात्री मला सापडला होता."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याच रात्री?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाहीये. मला त्या क्षणी आठवली ती लोणच्याची बरणी. मी आठेक वर्षांची असेन, श्रावणात बरणीवर पांढरी बुरशी आली होती, अख्खी बरणी. आईने दादरा सोडला आणि तशीच खाली बसली. "कुणी ओला हात घातला का रे?" असं एकदाच विचारलं. आम्ही तिघं भावंडं गप्प. हात माझा होता, खेळून आल्यावर हातपाय धुतले आणि तसाच घातला होता, एका फोडीसाठी. आई जरा थांबून म्हणाली, "माझंच तेल कमी पडलं असेल." आणि उठून कामाला लागली. पुढच्या वर्षी तिने तेल जास्त घातलं. हे मी आईला आजतागायत सांगितलेलं नाही. ती अजून लोणचं घालते, एकाच छोट्या बरणीत, आणि अजून तेल जास्तच घालते.

लेकीला हे सगळं मी सांगितलं नाही, ते तिच्या प्रश्नाचं उत्तर झालं नसतं. फक्त म्हटलं, "चुकलं माझं." ती "हं" म्हणाली. माफ केलं असंही नाही, नाही असंही नाही. आदल्या संध्याकाळी बाजारातून आणलेलं खाजं टेबलाच्या कडेला होतं, गूळ-आल्याचं, त्यातला एक तुकडा तिने तोंडात टाकला. मग माझ्या हातातल्या रिंगकडे बघितलं, स्वतःच्या चिकट बोटांकडे बघितलं, आणि बाथरूममध्ये गेली. नळ खूप वेळ चालू होता. बाहेर आली ती कोपरापर्यंत धुऊन, हात वर धरून, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखी, आणि केस आधीच वर बांधलेले. "कोरडं फडकं दे."

तिने रिंग घेतली आणि डोळे मिटून चिमटीतून फिरवायला लागली. मी तिला ते शिकवलं नव्हतं, हॅवलॉकला मला करताना बघितलं असणार. अर्ध्यावर थांबली. "इथे काहीतरी आहे." मला दिसेना. चष्मा लावला, उजेडात धरलं, वाळूचा एक कण, खसखशीएवढाही नाही. मी आधी दोनदा फिरवली होती ती रिंग. तिने तो पुसून काढला, परत सबंध फिरवली, ग्रीसचा थेंब घेतला, खाचेत कोपऱ्यापासून सुरुवात करून बसवली. दार मी लावलं. टॉर्च तिने मारला, चारही बाजूंनी, न सांगता. पंप ओढला, हिरवा दिवा लागला, आणि आम्ही दोघी त्या दिव्याकडे बघत बसलो. मधे एकदा तिने विचारलं की दिवा लाल झाला तर? म्हटलं, तर परत उघडायचं. खालून बोटवाले काका ओरडले, "चला वो, वारो सुटलो की पानी गढूळ होतला!" मी उठायला लागले तर ती म्हणाली, "वीस मिनिटं झाली नाहीत अजून." मग मीच खिडकीतून खाली आवाज दिला, पाच मिनिटं हं काका.

बोटीवरून मी आधी पाण्यात उतरले. कॅमेरा हातात घेऊन उडी मारायची नसते, वरून कुणीतरी द्यायचा असतो. तिने कडेवर पोटावर झोपून दोन्ही हातांनी तो खाली सोडला आणि मी धरला तरी लगेच सोडला नाही, माझी पकड बसली हे बघून मग सोडला. मी दोन मीटर खाली जाऊन थांबले. हाउसिंग उलटसुलट फिरवून बघितलं, कडा, दार, पोर्ट, बटणं. चिकटून आलेली हवा दोन-चार बुडबुडे होऊन निघून गेली, मग काही नाही. हिरवा दिवा. वर बघितलं तर बोटीच्या काठावर तिचं तोंड, पाण्यातून हलणारं, मोठं-लहान होणारं, आणि ती वाकून बुडबुडे मोजत असावी. मी अंगठा आणि पहिलं बोट जुळवून ओकेची खूण केली. जरा वेळाने पाण्यावर तिचा हात आला, तशीच खूण केलेला, ओला.